दाराचं तोरण

।। श्री ।।

सातारा,
४ जानेवारी १९९८

सौ. वल्लरीस,

स. न. वि. वि.

दचकलीस ना? इतकी वर्षं ‘प्रिय वल्ले’ असं लिहून माझं पत्र सुरू व्हायचं. आजही हात तिकडेच वळला होता, पण तो मायना काही कागदावर उतरेना. तेव्हा सध्या ‘सौ.’वर भागवून घे.

इकडे सर्व ठीक. असं लिहायची पद्धत आहे. थंडी यंदा चांगली पडली आहे, मधुकरचा गुडघा कुरकुरतो आहे आणि तो नेहमीप्रमाणे डॉक्टरकडे जायचं टाळतो आहे. तुझ्याकडे बर्फ पडला असेल.

पाहुण्यांचं सांगते. पाचगणीच्या घरातला गीझर दुरुस्त झाला. वाईच्या घाटावरच्या खोल्यांत झुरिकचं जोडपं उतरलं होतं. नवऱ्याने आल्या आल्या खिशातून टेप काढून खाट मोजली. पत्रकात लिहिल्याबरहुकूम भरली, तेव्हा त्याने माझ्याकडे बघून अशी मान हलवली की मला पेपरात पास झाल्यासारखं वाटलं. बाथरूम जिन्याखाली आहे आणि पावसाळ्यात तिथे बेडूक येतात हेही आपण लिहिलंय, तर बायको मला विचारते, बेडूक कुठे आहेत? म्हटलं, बाई, जानेवारी आहे.

ब्रिंकमानबाई सुखरूप गेल्या. मुंबईच्या विमानतळावरून त्यांचा फोन आला होता. फोनवर रडत होत्या. ते पुढे येईलच. आधी मला आपल्या धंद्याबद्दल बोलायचं आहे.

आठवतं ना, तू लग्न होऊन फ्रायबुर्गला गेलीस आणि पहिल्या सुटीत आलीस, तेव्हा वाईच्या घाटावर बसून आपण हे ठरवलं? तिकडची बाजू तुझी, इकडची माझी. तू तिकडे संध्याकाळी चार डोकी जमवून स्लाइड दाखवायच्या, मी इकडे घरं शोधायची. मजकूर मी लिहायचा, त्यातलं माझं पुणेरी जर्मन तू सुधारायचं. आणि एकच नियम: जे नाही ते पत्रकात घालायचं नाही. हा नियम तुझा होता. ‘जर्मन माणसाला बेडूक चालतो, न सांगितलेला बेडूक चालत नाही,’ हे वाक्यही तुझंच. त्या एका वाक्यावर मी सातारा जिल्हा पालथा घातला. लोकांच्या घरात शिरून, त्यांच्या चहाचे कप रिचवून त्यांना पटवलं, की परका माणूस तुमच्या घरात राहील, पण तुमचं काही बिघडणार नाही.

त्या लोकांत बनुबाई होत्या. तुला सगळं माहीत आहे, तरी पुन्हा लिहिते. तुला माहीत होतं, हे मला कागदावर बघायचं आहे.

कोरेगावच्या पुढे, उसाच्या मधोमध त्यांचं आणि त्यांच्या नवऱ्याचं, आकारामआबांचं घर. आबा पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. मुलगा ऋषिराज, तोही पलटणीत. लग्नानंतरच्या सुटीत त्याने स्वतः विटा उचलून घरावर दोन खोल्या आणि गॅलरी चढवली, स्वतःसाठी आणि पूजासाठी. मग तो आसामकडे गेला आणि तिथल्या कुठल्याशा नदीच्या पुरात गाडीसकट वाहून गेला. गाडी सापडली, तो सापडला नाही. घरी कागद आला तो ‘बेपत्ता’ म्हणून. बनुबाईंनी तो कागद आबांकडून एकदाच वाचून घेतला आणि म्हणाल्या, “घावला न्हाई म्हंजे हाय कुटंतरी.” त्यावर घरात कोणी बोललं नाही. गावातही नाही. पूजा कुंकू लावते, हिरव्या बांगड्या भरते. संक्रांतीला आळीतल्या बायका तिला हळदीकुंकवाला हाताला धरून नेतात. सगळं गाव त्या एका घरासाठी तोंड मिटून आहे.

खोल्या पाहुण्यांना द्यायला बनुबाई माझ्या अपेक्षेपेक्षा लवकर तयार झाल्या. म्हणाल्या, “वैनी, खोली बंद ठिवली की लोकं समजत्यात, आता कोण यायचं न्हाई. वापरात ऱ्हाऊ दे. पर त्याचा फोटू भित्तीवरच ऱ्हाईल. आन तो आला, की पावण्यांनी तवाच्या तवा खोली मोकळी करायची.” ही अट मी जशीच्या तशी जर्मनमध्ये लिहिली. तू विचारलंस, ही काय भानगड? तेव्हा मी तुला सगळं लिहिलं, आणि खाली रेघ मारून लिहिलं, की हे तुझ्यापुरतं.

दसऱ्याला तू आलीस. पूजाने वरच्या खोलीच्याही दाराला तोरण बांधलं होतं. बनुबाईंनी तुला पुरणपोळीवर तुपाची धार धरून वाढलं आणि ‘वाईची पोर म्हंजे आमचीच की’ म्हणून पाठीवरून हात फिरवला. निघताना पूजाने तुझी ओटी भरली. तू वर जाऊन खोल्यांचे फोटो काढलेस. आम्ही सगळ्या खाली चुलीपाशी होतो.

नंतर तू नवं पत्रक छापलंस. दर वेळी कच्चा छाप मला पाठवायचीस. यंदा पोस्टाला फार दिवस लागतात म्हणालीस. मी मानलं. बनुबाईंच्या खोल्या नाताळापासून शिमग्यापर्यंत भरल्याचं तू कळवलंस, तर मी राजवाड्यापाशी पेढे घेतले आणि ते फॅक्सवाल्यालाही दिले.

त्यातल्या पहिल्या पाहुण्या ब्रिंकमानबाई. कासेलच्या, वय झालेलं, एकट्या. इतकी लाघवी बाई आपल्याकडे आली नव्हती. निघायच्या दिवशी मी नेहमीसारखी पोचले. बाई सकाळीच गाडीने कोरेगावच्या बाजारात जाऊन आल्या होत्या, हातात पानात बांधलेलं काहीतरी होतं, ते घेऊन वर गेल्या. पूजा आणि मी खाली ओटीचं ताट करत होतो. बनुबाई बाईंचा चहा घेऊन वर गेल्या, त्या खाली येईनात. म्हणून मी गेले.

ब्रिंकमानबाई स्टुलावरून उतरत होत्या. ऋषिराजच्या फोटोला शेवंतीचा हार घातलेला होता. ताजा, पाणी गळत होतं त्याचं.

बनुबाई कपबशी धरून उभ्या होत्या. त्या फोटोकडे बघतच नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या.

“वैनी, कवा कळलं तुमाला?”

मी म्हटलं, “काय, मावशी?”

“तुमची तिकडं लय वळख. तुमाला सायबांनी आदी सांगितलं आसंल. पर माझ्यापासनं का लपवून ठिवलंसा वं? मी काय मोडून पडली नसते.”

वल्लरी, मी त्या घरात इतकी वर्षं जेवले आहे. त्या बाईने माझ्याकडे आजवर कधी तशा नजरेने पाहिलं नव्हतं.

ब्रिंकमानबाईंना काहीतरी चुकल्याचं दिसत होतं, पण काय ते कळत नव्हतं. त्या मला भराभरा सांगायला लागल्या. पत्रकातल्या फोटोला हार आहे. इथे आल्यापासून बघते तर हार नाही. बाकी सगळं पत्रकाप्रमाणे आहे, खाटसुद्धा, तेव्हा फुलं सुकली म्हणून काढली असतील आणि नवी आणायला कोणाला जमलं नसेल असं वाटलं. जाण्याआधी आपल्या हाताने घालावा म्हणून बाजारातून आणला. आणि मग म्हणाल्या, माझा थोरला भाऊ रशियात बेपत्ता झाला. आई मरेपर्यंत त्याचं ताट मांडायची. तुमचं पत्रक वाचलं म्हणून मी आले, नाहीतर डोंगर बघायचं माझं वय नाही.

त्यांनी पर्समधून पत्रक काढलं. तेव्हा मी ते पहिल्यांदा बघितलं.

‘जिथे अजून वाट पाहतात.’ मथळा सुरेख आहे. तुझं जर्मन नेहमीच माझ्यापेक्षा सुरेख. नदी, गाडी, न सापडलेला देह, कुंकू लावणारी बायको, खोली मोकळी करून देण्याची अट, सगळं आहे. ज्यांची माणसं त्या लढाईतून परत आली नाहीत अशी म्हातारी माणसं तिकडे किती आहेत, ते तुला ठाऊक आहे. पुण्याला जर्मनच्या वर्गात आपण दोघींनी मिळून त्यावरचा धडा वाचला होता. तू नेम धरून लिहिलंस. मी दुसरी कोणी असते तर वाचून मलाही रडू आलं असतं.

आणि शेजारी फोटो. ऋषिराज गणवेशात, आणि गळ्यात झेंडूचा हार.

बनुबाईंनी माझ्या हातातून पत्रक घेतलं. त्यांना अक्षर येत नाही. पण फोटोला हार कधी घालतात हे समजायला अक्षर लागत नाही. “ह्यात बी हाय की,” एवढंच म्हणाल्या. आबा वर आले. त्यांनी फोटो बघितला, ताठ उभे राहिले आणि मला विचारलं, “कागुद आलाय का?” मी म्हटलं, “नाही आबा, कसलाही कागद आलेला नाही, शपथ घेते.” “मग हार कुणी घातला?”

मी पत्रक उजेडात धरलं. झेंडूच्या फुलांमध्ये आंब्याची पानं आहेत, वल्लरी. माणसाच्या फोटोच्या हारात आंब्याची पानं कोण ओवतं? ते दाराचं तोरण आहे. पूजाने दसऱ्याला ओवलेलं. तू ते दारावरून सोडलंस, फोटोला अडकवलंस, कॅमेऱ्याचा चाप दाबलास आणि परत दाराला बांधून ठेवलंस. भिंत रिकामी दिसत असेल. रंग हवा असेल.

मी मान वर केली तर पूजा जिन्याच्या तोंडाशी ओटीचं ताट घेऊन उभी होती. ती आत आली नाही. ताट पायरीवर ठेवून खाली गेली. ब्रिंकमानबाई ओटी न भरताच गेल्या.

मी बनुबाईंना आणि आबांना पुन्हा पुन्हा सांगितलं, हे खरं नाही, नुसतं फोटोपुरतं आहे. बनुबाई म्हणाल्या, “फोटूपुरतं?” आणि हार न काढताच खाली गेल्या. हार मी काढला. खोल्या झाडणारी रंगूबाई दारात उभी राहून बघत होती.

आता मला तुझ्याकडून एकच गोष्ट हवी आहे. तू ये. बनुबाईंच्या समोर बस आणि तुझ्या तोंडाने सांग, की कुठूनही बातमी आलेली नाही, तोरण मी घातलं होतं, माझ्या हाताने. माझ्या सांगण्यावर त्यांचा विश्वास उरलेला नाही. संक्रांत तोंडावर आली आहे. रंगूबाईने तोंड उघडलं असेल तर आळीतल्या बायका पूजाला बोलावतील की नाही, सांगता येत नाही.

मधुकरने तुला नमस्कार सांगितला आहे. त्याला मी अजून काही बोललेले नाही. तुझ्याबद्दल असं काही तोंडाने बोलायची मला सवय नाही.

शरयू

सातारा,
८ फेब्रुवारी १९९८

वल्लरी,

तुझा फॅक्स मिळाला. फॅक्सवाल्याने ‘ताईंचं काय म्हणणं?’ म्हणून हसत दिला. पेढ्यांची आठवण ठेवून असेल.

तू लिहितेस की भिंत फार उदास दिसत होती. लिहितेस की तिकडे हार म्हणजे स्वागत, त्या लोकांना दुसरा अर्थ माहीतच नाही. त्या लोकांना नाही गं. पण तू शाळेतून येताना माझ्याबरोबर घाटावरून चालत यायचीस. तुझ्या वडिलांच्या फोटोला पहिला हार घालायची वेळ आली, तेव्हा तू माझा हात धरून मागच्या दारी पळाली होतीस. ‘हार घातला की ते खरं होईल,’ म्हणाली होतीस. तू विसरली असशील. मी नाही.

पत्रकं वाटून झाली, आता परत घेता येणार नाहीत, हे समजलं. सुट्टी मिळत नाही, हेही समजलं. पण स्टुडिओवाल्याची चूक झाली असं बनुबाईंना सांगून टाक, हे तू मला लिहू शकलीस, ते काही मला समजलं नाही. त्या घरात माझं जे काही उरलंसुरलं असेल, तेही तुझ्या खोट्यावर लावू?

मी नाही सांगितलं. खरंच सांगितलं. संक्रांत झाल्यावर गेले. पूजाला यंदा कोणी बोलवायला आलं नव्हतं. कोणी वाईट बोललंही नाही. बायका दारावरून गेल्या, एवढंच. ‘परदेशातनं बातमी आली’ असं गावभर झालेलं आहे. आपल्या व्यवसायाची ख्याती बघ, लोकांना वाटतं आम्हाला सरकारच्या आधी कळतं.

बनुबाई अंगणात शेंगा फोडत होत्या. मी त्यांच्याजवळ जमिनीवर बसले आणि अथपासून इतिपर्यंत सांगितलं. तोरण, कॅमेरा, पत्रक. मी तुला काय लिहिलं होतं तेही सांगितलं. त्यांनी हात न थांबवता ऐकून घेतलं. मग विचारलं,

“तुमची मैतरीण वाईचीच न्हवं?”

“हो.”

“मग तिला ठावं न्हवतं व्हय?”

खोटं बोलायला एवढी सोपी जागा पुन्हा मिळणार नव्हती. इतकी वर्षं परदेशात आहे, विसरली असेल, असं म्हटलं असतं तर त्या बाईने तुला तिथल्या तिथे माफ केलं असतं. ओठावर आलंही होतं. पण मी म्हटलं, “ठाऊक होतं, मावशी.”

त्यांनी शेंगा बाजूला ठेवल्या. म्हणाल्या, “माझ्या हातची पोळी खाल्ली की गं तिनं.” दुसरं काही नाही. शिवी नाही, शाप नाही. मला वाटतं, तू समोर असतीस तरी त्या एवढंच म्हणाल्या असत्या. मग उठून आत गेल्या. पत्रकातला हार खोटा होता हे त्यांना पटलं की नाही, ते मला आजही माहीत नाही. फोटो त्यांनी वरून काढून खाली स्वयंपाकघरात, आपल्या डोळ्यांसमोर लावला आहे. वरच्या खोल्यांना कुलूप आहे. आबा म्हणाले, “आता कुणाला न्हाई ठिवायचं. आला तर त्याला खोली लागंल.” कुलूप बघून लोकांना काय वाटेल, हे बोलायला त्या घरात आता कोणी उरलेलं नाही.

शिमग्यापर्यंतच्या सगळ्या पाहुण्यांना तू कळव. काय कळवायचं ते तुझं तू ठरव, तुझं जर्मन चांगलं आहे. वाईची आणि पाचगणीची घरं मी माझ्या नावावर चालवीन किंवा बंद करीन. पत्रकावरून माझं नाव काढ.

इथपर्यंत लिहून मी हे पत्र बंद करणार होते. यापुढचं तुला सांगावं की नाही, हे मला ठरवता येत नव्हतं. पण हे मी दुसऱ्या कोणाला सांगू? इतकी वर्षं असलं काही झालं की मी तुलाच सांगत आले. तू माझं काय काय नेलंस, त्यात हेही आहे.

त्या दिवशी पूजा मला एस. टी.च्या थांब्यापर्यंत सोडायला आली. उसातून वाट आहे. ती घरात एक शब्द बोलली नव्हती. अर्ध्या वाटेवर थांबली आणि म्हणाली, “वैनी, तो कागुद तुमच्यापाशी हाय?”

मला वाटलं, फाडून टाकायला मागते आहे. मी पिशवीतून तो पत्रकाचा कागद काढून दिला. तिने तो पदराला पुसला. नीट घडी घातली.

“आत्याबाईंस्नी सांगू नगा,” म्हणाली. “मी जपून ठेवती.”

मी म्हटलं, “अगं पूजा, तो हार खोटा आहे.”

“खोटा कसा? मीच ववला हुता की तो.” मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “मला कुणी कवा इचारलंच न्हाई वं, वैनी. आत्याबाई म्हणाल्या हाय, तवा मी बी म्हणलं हाय. आज पाच वर्सं रोज सकाळी कुकू लावताना मी सवताशीच खोटं बोलती. त्या म्हातारीनं हार घातला, तवा माझ्या मनात पैलं काय आलं म्हायती हाय? सुटले.” आणि ती उसाच्या कडेला खाली बसली आणि रडली. तिच्या पाठीवर मी हात ठेवून उभी होते. एस. टी. आली आणि गेली.

मग उठली, तोंड पुसलं, कुंकू फिसकटलं होतं ते माझ्या पिशवीतल्या आरशात बघून नीट केलं आणि घरी गेली. सासू वाट बघत होती.

मी तुला लिहिलं होतं, ये आणि बनुबाईंना खरं सांग. आता तसं म्हणत नाही. तू आलीस आणि हार खोटा होता म्हणालीस, तर बनुबाई जगतील आणि पूजा पुन्हा त्या आरशासमोर उभी राहील. तू आली नाहीस तर पूजाला निदान तो कागद राहील, आणि बनुबाई रोज चुलीपुढे बसून फोटोला विचारतील, की खरं काय ते सांग रं. एकाच घरात दोन बायका एकाच ताटात जेवतात, आणि एकीला जे हवं ते दुसरीचा जीव घेणारं आहे. हे आधीही असंच असेल. पण ते झाकलेलं होतं, आणि त्यावर त्या घराचं चाललं होतं. ते तू उघडलंस, आणि तेही रंगासाठी.

बनुबाईंनी मला परत बोलावलेलं नाही. मीही गेले नाही. कोरेगावची गाडी समोरून गेली की मान फिरवते.

तू तोरण क्षणभर घातलंस आणि परत दाराला बांधलंस. तेवढंच तुझं काम. इथे ते अजून कोणाला उतरवता आलेलं नाही.

उत्तर पाठवू नकोस. वाचावंसं वाटेल, याची मला भीती वाटते.

तुझी
(हा शब्द सवयीने लिहून गेले. खोडायला घेतला, पण खोडवत नाही. तो तू खोडलास असं समज.)

शरयू